लाहेचं पान

“होऽऽ… ऐका होऽऽ… उद्या माझ्या घरी लाह आहेऽऽ… घरटी एक माणूस याऽऽ…”

ही डोंगरसिंगकाकाची हाक. आमच्या पाड्यात घराला घर लागून नाही. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर, मध्ये नाला. निरोप तिथं पायानं जात नाही, गळ्यानं जातो. काका अंगणाच्या कडेला उभा राहायचा, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायचा, आणि त्याचा आवाज नाला ओलांडून, झाडं ओलांडून आमच्या कुडाच्या भिंतीतून आत यायचा, बांबूच्या फटींतून सकाळचं ऊन येतं तसा. हाक पावरीत, आमच्या बोलीत, असायची. मी ती इथं मराठीत लिहिली. शब्द लिहिता आले, चढउतार लिहिता येत नाही.

त्या वेळी त्या ओंजळीला दहा बोटं होती. आता आठ आहेत. गेलेल्या दोन बोटांत माझा किती वाटा, हे मी सोळा वर्षं मनात घोळवतो आहे. कुणाला सांगितलं नव्हतं.

लाह म्हणजे काय, ते आमच्या डोंगरात लहान मुलालाही माहीत असतं. ज्याचं काम अडलं त्यानं हाक द्यायची. शेत साफ करायचं असो, घर उभारायचं असो, प्रत्येक घरातून एक माणूस येतो. मजुरी नाही. दिवसभर काम, दुपारी त्या घरचं जेवण, संध्याकाळी नाचत-बडबडत घरी. पुढं दुसऱ्यानं हाक दिली की आपण जायचं. कोण किती वेळा आलं, हे कुणी मोजत नाही. पण कोण आलं नाही, हे सगळ्यांना दिसतं. आजारपणामुळे एखाद्या घरचा माणूस येऊ शकला नाही तर त्या घराचा जेवणाचा वाटा सागाच्या पानात बांधून त्याच्याकडे पोचवतात. आजारी माणसाला लाहेबाहेर ठेवत नाहीत.

हे सगळं मी विसरलो होतो असं म्हणवत नाही. पुण्यात होतो, फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत. बाबा गेले, आई विसरवाडीला तिच्या बहिणीकडे राहायला गेली, आणि डोंगर चढून पाड्यावर जायचं कारण मी हळूहळू संपवत आणलं.

यंदा मे महिन्यात हेमकांत सरांचा फोन आला. त्यांची संस्था शहाद्याजवळ मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेणार होती: कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून गेम कसा तयार करायचा. सर म्हणाले, पुण्याहून कुणीही आणता येईल, पण आपल्या जिल्ह्यातला पोरगा शिकवतोय म्हटलं की मुलं वेगळी ऐकतात. मी सुट्टी टाकली. शिबिर तापीकाठी आहे, डोंगरात नाही, एवढं मात्र आधी विचारून घेतलं.

पुरुषोत्तमनगरच्या अलीकडे, केळीच्या बागेला लागून एका वसतिगृहाची इमारत होती. हॉलमध्ये बारा संगणक, दोन कूलर आणि बावीस मुलं. बाहेर चव्वेचाळीस अंश. वीज गेली की मुलं वह्यांनी वारा घेत आणि यंत्राला नावं ठेवत. शिकवायचं तसं सोपं होतं. खेळ कसा हवा ते यंत्राला मराठीत सांगायचं. ते चित्रं काढतं, नियम लिहितं, खेळ चालवून दाखवतं. चुकलं तर पुन्हा सांगायचं. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, यंत्र हुशार आहे, पण त्यानं तुमचं गाव पाहिलेलं नाही. ते तुम्ही दाखवायचं. वाक्य मुलांना आवडलं. मलाही आवडलं होतं.

मग हजेरी घेतली. चौदावं नाव होतं सुनिता डोंगरसिंग पावरा. मी “सुनिता” म्हणालो आणि वडिलांच्या नावावर अडलो. शेवटच्या बाकावरून पंधरा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी उठली आणि हसत म्हणाली, “सर, मी तुमच्याच पाड्यातली. नाल्यापलीकडचं घर.” मग खाली बसता बसता शेजारणीला जरा मोठ्यानंच सांगितलं, “आमचा दादा आहे तो.”

तिला मी फार तर दोनदा पाहिलं असेल, तेही रांगताना. काकाची बोटं गेली त्या वर्षी ती पोटात होती.

तिघातिघांचे गट केले. सुनिताच्या गटात तापीकाठच्या गुजर घरातली भाविका आली आणि शहाद्याचा मिथुन. भाविकाच्या वडिलांची केळी होती. तिच्या डोक्यातल्या प्रत्येक खेळात कुणीतरी केळी खायला यायचं आणि त्याला हाकलायचं असायचं. मिथुनला राक्षस हवे होते, कसलेही, पण भरपूर. सुनिता दोन दिवस ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं वहीत चार टेकड्या काढल्या, प्रत्येकीवर एक घर, आणि लाहेचा खेळ समजावून सांगितला. प्रत्येकाचं एक शेत. पाऊस यायच्या आत ते तयार व्हायला हवं. एकट्याच्या हातानं होत नाही. हाक द्यायची, बाकीचे येतील, मग त्यांच्याकडे आपण जायचं.

मिथुननं मान खाजवली. “मंग जिकस कोण?”

कोणीच नाही, ती म्हणाली. सगळ्यांची शेतं झाली की खेळ संपतो. एकाचं जरी राहिलं, तर सगळ्यांचा खेळ गेला.

“हाऊ गेम शे का ग्रामसभा शे?” मिथुन म्हणाला, आणि अख्खा हॉल हसला. सुनिताही हसली. पण तिनं वही मिटली नाही. दुपारपर्यंत मिथुनच पाऊस कसा गडगडत यावा याची चित्रं यंत्राकडून काढून घेत बसला होता.

यंत्राशी मात्र तिचं भांडण चाललं. ती जे सांगे त्यात यंत्र आपलं काहीतरी घुसवायचं. दुसऱ्याच्या शेतावर गेलं की दहा नाणी. नाणी नकोत म्हटलं तर हिरे. हिरे नकोत म्हटलं तर वरच्या कोपऱ्यात “सर्वोत्तम शेतकरी” अशी पाटी आणि त्याखाली सगळ्यांचे क्रमांक. ती वैतागून माझ्याकडे बघायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की लाहेत कुणी मोजत नाही, हे त्याला कळत कसं नाही. मी तिच्या शेजारी बसून यंत्राला नीट समजावून सांगितलं. नाणी गेली, हिरे गेले, पाटी गेली. त्या तासाभरात मला फार बरं वाटलं. वाटलं, काकाच्या मुलीसाठी काहीतरी करतो आहे. एवढ्यावर भागेल कदाचित.

चौथ्या दिवशी प्रत्येक गटानं आपले नियम सर्वांसमोर वाचायचे होते. सुनितानं आजाऱ्याच्या पानाचा नियम वाचला. मुलांना तो आवडला. कुणीतरी पानात काय असतं विचारलं, तिनं मक्याची भाकर आणि उडदाची डाळ सांगितली. मग म्हणाली, “अजून एक आहे. जो खोटंच आजारी पडला आणि घरी बसून पान खाल्लं, त्याचं काय?”

भाविका म्हणाली, बाद करायचं. मिथुन म्हणाला, “त्याना वावरमा डुकरे सोडी द्या.” सगळे हसले. मी सगळ्यांच्या आधी हसलो. यंत्रालाही विचारलं गेलं. त्यानं दंड, दुप्पट काम आणि तीन फेऱ्या बंदी असे तीन पर्याय दिले.

सुनितानं मान हलवली. “असं कुणी करत नाही आमच्यात. कुणी त्याला काही बोलतच नाही. फक्त ते पान त्याच्या अंगणात पडून राहील. त्याला ते उचलता येणार नाही. आणि ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, त्याला एकट्यालाच दिसेल. तो खेळत राहील, पान तिथंच राहील.”

कुणीतरी विचारलं, मग शेवटी त्याचं काय होतं. ती म्हणाली, ते अजून सुचलेलं नाही. आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “सर, काय व्हायला पाहिजे त्याचं?”

मी घड्याळ बघितलं आणि पुढच्या गटाला बोलावलं. नंतर तिला एकटीला गाठून, सहज विचारल्यासारखं विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, बाबांनी लाह सांगितली. पडून राहणारं पान माझ्या मनचं.

ते पान मला का दिसत होतं, ते आता सांगतो.

मी सोळा वर्षांचा होतो, आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेलो. वैशाखात बाबा आंब्याच्या झाडावरून पडले, पाय मोडला. शेत तसंच, पाऊस तोंडावर. बाबांनी झोपल्या जागेवरून हाक द्यायला सांगितली, मी दिली. माझा आवाज नाल्यापर्यंतही गेला नसेल. काकानं ऐकलं आणि आपल्या अंगणातून तीच हाक पुढच्या टेकडीला दिली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अठ्ठावीस माणसं शेतात होती. काका सगळ्यांत पुढं. बाया एका ओळीत वाकून काम करत गात होत्या, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं:

हात हाताला भेटला, दगड वाटेचा हटला,
एका घरच्या घामानं गं दुजा घरी कोंब फुटला…

दुपारी काकानं कमरेची बासरी काढून वाजवली. होळीला आमच्या भागात त्याच्यासारखी बासरी कुणाची नव्हती. एका दिवसात शेत आरशासारखं झालं.

आठ दिवसांनी काकाची हाक आली. त्याचं नवं घर उभं राहत होतं. सागाचे खांब पुरून झाले होते, आढं चढवायचं होतं. घरटी एक माणूस. आमच्या घरचा माणूस मी.

त्याच्या आदल्या दिवशी रूपसिंग, माझा शाळेतला सोबती, घरी आला होता. त्याचा भाऊ गुजरातेत कामाला होता, त्यानं रंगीत पडद्याचा फोन आणला होता. फोनमध्ये गाडीचा एक खेळ होता. रूपसिंगनं तो मला एका दिवसासाठी दिला. पाड्यात वीज नव्हती. बॅटरी होती तेवढाच खेळ. मी सकाळी आईला म्हणालो, अंगात कणकण आहे. तिनं कपाळाला हात लावला. उन्हाळ्यात कुणाचंही कपाळ तापलेलंच असतं. ती म्हणाली, पडून राहा, मी काकाला निरोप देते. ती गेल्यावर मी मागच्या बाजूनं टेकडी चढलो आणि टेंभुर्णीच्या झाडाखाली जाऊन बसलो. तिथून काकाचं घर तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं.

तिथं काय झालं ते सगळ्या पाड्याला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी दोर लावून आढं वर चढत होतं, एका अंगाला ओढ कमी पडली, लाकूड घसरलं, काकानं हात घातला, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं खांबात आणि आढ्यात सापडली. वर बसून मी काय केलं, ते मात्र मी आईलाही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी काका आमच्या दारात आला. हाताला फडकं गुंडाळलेलं, ते काळं पडलेलं. धडगावला दवाखान्यात जायचं होतं, जीप यायची होती, त्याआधी तो वाट वाकडी करून आला. डाव्या हातात सागाचं पान होतं. “कसा आहे ताप?” म्हणाला. “खाऊन घे, गरम आहे.” मी घोंगडीत होतो. त्याच्याकडे न बघता मी पान सोडलं आणि जेवलो. भूक लागली होती. दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

माझा एक हात दोरावर असता तर आढं घसरलं नसतं का? कोण सांगणार. एका सोळा वर्षांच्या पोराची ओढ ती किती. असं मी हजार वेळा स्वतःला म्हणून घेतलं आहे. त्यानंतरच्या होळीला काकानं बासरी कुडात खोचून ठेवली आणि ढोल धरला. पाड्यातल्या कुणाच्या तोंडून मला एक वाकडा शब्द आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

शिबिराच्या पाचव्या दिवशी तिथल्या स्वयंपाकीण जसोदाबाईंनी मला जेवणाच्या पंगतीत पकडलं. त्या शहाद्याच्या, जिभेच्या तिखट. “सर, दोन दिन व्हयनात, ताट तसंच ठेवी ऊठतस. मन्हा हातनी चव गयी का तुमनं डोकं गयं?” मुलं हसली. मी म्हणालो, ऊन बाधलं. त्यांनी कांदा फोडून पानात टाकला. “उन्हानं माणूस पानी मांगस, तोंड लपाडत नही,” त्या म्हणाल्या आणि डाळ वाढत पुढं गेल्या.

त्या दुपारी मुलं झोपायला गेल्यावर मी माझा लॅपटॉप उघडला. प्रत्येक गटाचा खेळ यंत्राकडून तपासून घ्यायचा असं ठरलं होतं: यंत्र स्वतःच चार खेळाडू होऊन शंभर वेळा खेळणार, आणि कुठं कंटाळा येतो, कुठं गोंधळ होतो ते लिहून देणार. सुनिताचा खेळ मी लावला. पंख्याखाली बसून वाट पाहिली. मला यंत्राकडून काय हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

उत्तर आलं ते मला अजून शब्दशः आठवतं. यंत्रानं लिहिलं होतं की हा खेळ त्या एका पानावर उभा आहे. ज्या डावांत पान पडून राहतं तिथं खेळाडू पुढच्या हाकेला जास्त जातात. हा नियम काढू नये. फक्त पान पडलेल्या खेळाडूसाठी शेवट ठरवावा.

मी ते दोनदा वाचलं. मग पडदा बंद केला. चारला वर्ग भरला तेव्हा मी सुनिताच्या गटाजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, चाचणीचा निकाल आला. खेळ छान आहे. पण पडून राहणाऱ्या पानाचा नियम लोकांना कळत नाही, गोंधळ होतो. यंत्र म्हणतं, तो काढा. आजाऱ्याचं पानही काढा, त्यातूनच गोंधळ सुरू होतो.

मिथुन म्हणाला, “माले त तेच आवडनं व्हतं, सर.” भाविकानं विचारलं, आणखी एकदा तपासून बघूया का. मी म्हणालो, शंभर वेळा तपासलं आहे.

सुनितानं वाद घातला नाही. नाणी आणि हिऱ्यांसाठी जी दोन दिवस यंत्राशी भांडली होती, ती माझ्या तोंडून आलेलं यंत्राचं म्हणणं लगेच मानून बसली. “शंभर वेळा खेळलं म्हणजे त्याला कळत असेल,” म्हणाली. तिनं आपल्या हातानं त्या ओळी पुसल्या. वहीत पानाचं चित्र होतं, शीर न् शीर काढलेलं, त्यावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, आणि मान वर करून विचारलं, “आता बरोबर आहे ना दादा?”

मी हो म्हणालो. वर्गात दादा म्हणायचं नाही, एवढंही सांगवलं नाही.

पुढचे चार दिवस मी तिच्या गटाला सगळ्यांत जास्त वेळ दिला. पावसाचे ढग सुधारले, बैलाची चाल सुधारली, टेकड्यांचा हिरवा रंग तिच्या मनासारखा होईपर्यंत बदलून दिला. मुलं चिडवायला लागली की सर पाड्याची बाजू घेतात. खेळ गुळगुळीत होत गेला. मिथुन एकदा म्हणाला, आता चांगला दिसतो पण मधेच झोप येते. त्याला मी गप्प केलं.

शेवटच्या दिवशी पालक आले. गाड्यांमधून, मोटारसायकलींवरून, एसटीनं. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, हेमकांत सर माइक हातात घेऊन फिरत होते. साडेअकराच्या सुमाराला दारात डोंगरसिंगकाका दिसला. पहाटेच्या आधी चालायला सुरुवात करून त्यानं धडगावची जीप धरली होती, मग बस. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी. केस पांढरे झाले होते. सुनिता धावत गेली. पण तो तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच पुढं होऊन आधी माझ्याकडे आला.

“किती मोठा झालास,” तो पावरीत म्हणाला. पिशवी माझ्या हातात दिली. आत आमचूर होता, यंदाचा. “आईला दे. तिला आवडतो.”

मी त्याला खुर्ची दिली. त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं नाही, पण पिशवी घेताना त्याची तीन बोटं माझ्या बोटांना लागली होती.

सुनितानं त्याला संगणकासमोर बसवलं. माऊस कसा धरायचा ते दाखवलं. त्यानं तो तीन बोटांखाली, पाखरू धरावं तसा धरला. भाविका आणि मिथुन दोन बाजूंना उभे राहिले. पडद्यावर चार टेकड्या आल्या, चार घरं. काकाला खेळ समजावून सांगावा लागला नाही. कुणाची हाक आली की तो निघायचा. तीन शेतं त्यानं करून दिली, आपल्याला हाक द्यायची हे विसरूनच गेला. सुनितानं आठवण करून दिली तेव्हा त्यानं हाकेचं बटण दाबलं. दोन घरांची माणसं टेकडी उतरून आली. तिसऱ्या घरातून कुणी निघालं नाही.

“हा का येत नाही?” त्यानं विचारलं.

सुनिता म्हणाली, त्याला यंत्र खेळवतं आहे, कधीकधी तो येत नाही.

“आजारी असेल. त्याला पान पाठव.”

“तो नियम काढला बाबा. यंत्रानं सांगितलं.”

काकानं पडद्याकडे निरखून पाहिलं. “यंत्राच्या घरी कुणी आजारी पडत नसेल,” म्हणाला. मिथुन खो-खो हसला. मागं उभे असलेले हेमकांत सरही हसले आणि त्याला समजावून म्हणाले की बाबा, गेमचं एक शास्त्र असतं, आणि तुमच्या मुलीला सर किती चांगले मिळाले आहेत. काकानं मान डोलावली. मग माऊस सोडला, खुर्ची माझ्याकडे वळवली, आणि आवाज खाली आणून पावरीत बोलायला लागला. आमच्याशिवाय ते फक्त सुनिताला कळत होतं.

तो म्हणाला, “तू भेटलास ते बरं झालं. एक गोष्ट मनात राहिली आहे. पोरीलाही सांगितली नाही. त्या वर्षी मी आढं चढवलं, तेव्हा तुझा बाप पडून होता आणि तुला ताप. एखादं घर आजारी असताना आढं चढवू नये. थांबायचं असतं. मला ठाऊक होतं, तरी पाऊस येईल म्हणून घाई केली. हाताचं म्हणशील तर ते माझ्या घाईचं आहे. पण तुमच्या घराला बाजूला ठेवून मी काम उरकलं, असं तुझ्या बापाला वाटलं असेल. तो कधी बोलला नाही, मीही त्याला विचारलं नाही. आता तो नाही. म्हणून तुला म्हणतो. मनात ठेवू नकोस.”

सुनिता त्याच्या हाताकडे बघत होती. आजवर तिला एवढंच माहीत असणार की लाकूड घसरलं.

एवढी वर्षं मला वाटत होतं की मी गप्प राहिलो तर ते ओझं माझ्याजवळच राहील, त्याची झळ दुसऱ्याला लागणार नाही. आणि हा माणूस सोळा वर्षं माझ्या तापासाठी स्वतःला दोष देत आला होता. डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून, आमचूर घेऊन माझी माफी मागायला आला होता. अजूनही मी मान हलवली असती तर तो समाधानानं परत गेला असता. सुनिताला प्रमाणपत्र मिळालं असतं. मी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघालो असतो.

तिकडे हेमकांत सरांनी माइकवरून सगळ्यांना बसायला सांगितलं आणि माझं नाव घेतलं. मी त्यांना हातानं थांबवलं. काकाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो, त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि आमच्या बोलीत म्हणालो,

“काका, मला ताप नव्हता. मी खोटं बोललो. तुझ्या घरासमोरच्या टेकडीवर बसलो होतो, रूपसिंगच्या फोनवर गाडीचा खेळ खेळत. आढं सुटलं ते मी पाहिलं. तू ओरडलास ते ऐकलं. सगळे तुझ्याकडे धावले तेव्हा मी उठून उभा राहिलो, आणि मग परत खाली बसलो. बॅटरी संपेपर्यंत खेळत राहिलो. संध्याकाळी तू आणलेलं पान मी खाल्लं, सगळं. तुझी घाई नव्हती काका. घर आजारी नव्हतं. आणि सुनिता, तुझा नियम यंत्रानं नाही काढला. ते म्हणालं होतं, हाच ठेवा. मी काढला.”